डबीतलं पाणी

“डबीत सोल्युशन नाहीये, अंगद. पाणी आहे. बोअरचं.”

डॉ. माधुरी गुगळे यांनी फोनवर एवढंच सांगितलं आणि त्याला वर बोलावून घेतलं. शुक्रवार होता, सत्तावीस सप्टेंबर. सकाळचे नऊ वाजले होते.

अंगद साळवे सावेडीतल्या त्यांच्या डोळ्यांच्या हॉस्पिटलात नेत्रदानाचं काम बघायचा. कुणाच्या घरी मृत्यू झाल्याचं कळलं की सहा तासांच्या आत तिथे पोचायचं, घरच्यांजवळ बसायचं आणि गेलेल्या माणसाचे डोळे मागायचे. बारा वर्षं हे काम करून कुणाला न दुखवता प्रश्न कसा विचारायचा, ते त्याला जमलं होतं. लोक काय सांगायचं टाळतात, तेही कळायला लागलं होतं.

डॉक्टरांच्या टेबलावर लेन्स ठेवायची निळी डबी होती. चार नंबरच्या खोलीतल्या ज्ञानेश्वरीची.

ज्ञानेश्वरी सत्तावीस वर्षांची, पुणतांब्याच्या शेतकऱ्याची मुलगी. कृषीची पदवी घेतलेली. नगरमध्ये एका बियाणे कंपनीत नोकरी करता करता तिने सरकारी परीक्षा दिली, पास झाली आणि तिला गडचिरोलीला कृषी अधिकारी म्हणून नेमणूक मिळाली. सोमवारी, तीस तारखेला, तिला तिथे हजर व्हायचं होतं. पण अकरा दिवसांपूर्वी ती डावा डोळा ओढणीने झाकून हॉस्पिटलात आली, आणि तेव्हापासून ती अंधाऱ्या खोलीतच होती.

तिच्या बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, कॉर्नियात, पांढरं कडं उमटलं होतं. ते बघताच डॉक्टरांना शंका आली होती. अकँथअमिबा. पाण्यात आणि मातीत राहणारा एकपेशी जीव. लेन्सला साधं पाणी लागलं तर तो लेन्सवर बसून डोळ्यात शिरतो आणि कॉर्निया पोखरत जातो. आज प्रयोगशाळेचा अहवाल आला होता. डोळ्यात तोच जीव, डबीतही तोच. शिवाय डबीतल्या द्रवात जड पाण्यात असतात तसे चुन्याचे क्षार भरपूर होते.

“कॉर्निया इतका पातळ झालाय की कधीही फुटेल,” डॉक्टर म्हणाल्या. “रविवारी बदलते. तू बुधवारी आणलास तोच बसवणार.”

बुधवारी अंगद नेवाशाजवळच्या एका वस्तीवर गेला होता. कोंडीराम नावाचे गृहस्थ वारले होते. त्यांच्या बायकोने, गीताबाईंनी, बराच वेळ विचार करून होकार दिला होता.

“मग अडचण काय आहे?” त्याने विचारलं.

“ती म्हणते, मी लेन्सला कधीच पाणी लावलं नाही. घरचे म्हणतात, हिनेच निष्काळजीपणा केला. ती खोटं बोलत असेल तर तिला समजावता येईल. खरं बोलत असेल तर पाणी दुसऱ्या कुणीतरी घातलंय. नवा कॉर्निया वर्षभर जपावा लागतो, दिवसातून दहा वेळा थेंब घालावे लागतात. तो मी कुणाच्या भरवशावर बसवू?”

अंगदने डबीशेजारची बाटली उचलली. लेन्सच्या सोल्युशनची, निम्मी भरलेली. ज्ञानेश्वरी दाखल झाली त्या सोमवारी डॉक्टरांनी ती मागितली होती, मंगळवारी घरून आली होती. लेबलवर काळ्या मार्करने ‘१०/६’ लिहिलं होतं. ज्ञानेश्वरी प्रत्येक बाटलीवर उघडल्याची तारीख टाकायची, तीन महिन्यांनी बाटली फेकून द्यायची. बुडाशी छापील मजकूर होता, बनवल्याचा महिना यंदाचा जुलै आणि पुढे दोन वर्षांची मुदत. त्याने बाटली हलवली. आत पांढराशुभ्र फेस आला.

“यात काही सापडलं?”

“काही नाही. ते अस्सल सोल्युशन आहे. म्हणून तर सगळे तिला दोष देतात.”

*

चार नंबरच्या खोलीचे पडदे ओढलेले होते. ज्ञानेश्वरी भिंतीकडे तोंड करून पडली होती. उजेडाची तिरीप आली तरी तिच्या कवटीत कळ जायची. उशाशी तिची धाकटी बहीण सृष्टी बसली होती, वीस वर्षांची, नगरच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. दोघी सावेडीतच एका खोलीत भाड्याने राहत होत्या. सृष्टीच्या मोबाईलमध्ये तासातासाचा गजर लावलेला होता. अकरा दिवसांत तिने एकही थेंब चुकवला नव्हता. नर्सबाई सगळ्या पेशंटच्या नातेवाइकांना तिचं उदाहरण देत होत्या.

अंगदने सृष्टीला चहा पिऊन यायला सांगितलं आणि स्टूल ओढून बसला.

“ताई, कधीतरी घाईत नळाचं पाणी लावलं असेल. एकदाच?”

“दोन वर्षांपूर्वी लावलं होतं,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “आठवडाभर डोळे लाल होते. तेव्हापासून नाही. आईची शपथ घेऊन सांगते.”

“ही शेवटची बाटली कशी होती?”

ती म्हणाली, की ऑगस्टच्या मध्यापासून लेन्स घातल्यावर चुरचुरायचं. बाटली हलवली तरी फेस येत नव्हता. तिला वाटलं जुनी झाली, दहा सप्टेंबरला फेकायचीच आहे. त्याच सुमाराला डाव्या डोळ्यात कचरा जाऊन ओरखडा पडला होता. सत्तावीस ऑगस्टला ऑफिसमध्ये त्या डोळ्यात असह्य कळ आली. तिने तिथेच लेन्स काढून डबीत टाकल्या, डबी पर्समध्ये, आणि चष्मा लावून घरी आली. तेव्हापासून डबी पर्समध्येच होती. इथे आल्यावर तिने स्वतःच डॉक्टरांच्या हातात दिली.

“त्याआधी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला होतात ना?”

“एकोणतीस ऑगस्टला. त्यांना वाटलं नागिणीसारखा विषाणूचा आजार आहे. सूज उतरायचे थेंब दिले. सोळा-सतरा दिवस तेच घातले आणि डोळा बिघडत गेला. त्यांनी मला लेन्सचं काही विचारलंच नाही.”

अंगदने फाइल उघडली. पहिल्या दवाखान्याचा कागद वरच होता. नाव, वय, तक्रार आणि खाली छापील ओळ, ‘कॉन्टॅक्ट लेन्स वापरता का?’ समोर पेनाने लिहिलं होतं, ‘नाही’.

लिहिणाऱ्याची चूक असेल, असं त्याला आधी वाटलं. तरी त्याने कागदाचा फोटो काढून घेतला.

*

बाहेर बाकावर ज्ञानेश्वरीचे वडील, गहिनीनाथ, टोपी मांडीवर ठेवून बसले होते. रात्रीच्या गाडीने आले होते.

“पोरीला लई कष्टानं शिकवलं,” ते म्हणाले. “साहेबीन व्हनार हुती. आता डोळाच ऱ्हातोय का न्हाई. चूक तिचीच हाय म्हनत्यात, काय बोलनार.”

“धाकटी फार करते हो तिचं.”

“व्हय, जीव हाय तिचा बहिनीवर. मोठी हिथं हाय म्हनून तर धाकटीला नगरला ठेवली. एकटी पोर शहरात कशी ठेवायची? मोठी गडचिरोलीला गेली की धाकटीला घरी न्यायचं ठरलंय. तिची आई, चांगुणा, म्हनती दिवाळीनंतर स्थळं बघायची.”

“सृष्टीला माहीत आहे?”

“पंद्रा ऑगस्टला आल्ती तवाच सांगितलं. काय बोलली न्हाई. गुनाची हाय.”

अंगदने मान हलवली. चहाच्या टपरीपाशी सृष्टी उभी होती. त्याने तिला विचारलं, की खोलीत आणखी कुणी राहतं का.

“आरती,” ती म्हणाली. “पाथर्डीची. ताईची मैत्रीण.”

“तिचं आणि ताईचं पटतं?”

सृष्टीने कपाकडे बघितलं. “तसं पटतं. पण सर, एक सांगू? आरतीने पण तीच परीक्षा दिली होती. प्रतीक्षा यादीत ती पहिली आहे. ताई हजर झाली नाही तर ती जागा आरतीला मिळते. मी कुणावर आळ घेत नाही. पण बाटली आम्हा तिघींच्या एकाच कपाटात असते.”

“हे आधी कुणाला सांगितलं नाहीस?”

“पुरावा नाही ना काही.”

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट गहिनीनाथांच्या कानावर गेली होती. ते पोलिसांत जाऊन त्या पोरीचं नाव देतो म्हणत होते. अंगदने त्यांना एक दिवस थांबायची विनंती केली.

*

शनिवारी सकाळी आरती पाथर्डीच्या एसटीने आली. गणपतीला, पाच सप्टेंबरला, ती घरी गेली होती. आजी आजारी पडली म्हणून तिकडेच राहिली. नगरला त्यानंतर ती आज पहिल्यांदा येत होती.

तिने आधीच ओळखलं होतं. “माझ्यावर संशय आहे ना?” ती म्हणाली. “प्रतीक्षा यादीत मीच आहे. दुसरं कुणी असतं तर मीही त्याच्यावरच घेतला असता.”

तिने पिशवीतून एक कागद काढला. हजर होण्यासाठी मुदतवाढ मिळावी, असा ज्ञानेश्वरीच्या नावाचा अर्ज. आरतीनेच टाइप केलेला. आठवड्यापूर्वी तिने तो सृष्टीच्या मोबाईलवर पाठवला होता, ताईची सही घेऊन ईमेल कर म्हणून. उत्तर आलं नाही, म्हणून आज छापून आणला होता.

“सही झाली की मीच पाठवते,” ती म्हणाली. “मुदत सोमवारी संपते.”

अंगदने तिला वर पाठवलं आणि आपल्या टेबलाशी येऊन बसला. बाटली समोर ठेवली. पहिल्या दवाखान्याच्या कागदाचा फोटो मोबाईलवर उघडला. मग त्या दवाखान्यात फोन लावून कागद भरणाऱ्या बाईंना विचारलं. त्यांना ती मुलगी आठवत होती. डोळ्यावर ओढणी घेऊन बाकावर वाकून बसली होती, धड बोलता येत नव्हतं. माहिती काउंटरवर दुसऱ्याच मुलीने दिली होती. लेन्सचा प्रश्न आपण दोनदा विचारल्याचं बाई ठामपणे म्हणाल्या, कारण डॉक्टरांची तशी ताकीदच होती.

त्यानंतर तो स्कूटरवर बसून चष्म्याच्या दुकानात गेला. ज्ञानेश्वरी लेन्स तिथूनच घ्यायची. दुकानदार सचिन तिला चांगला ओळखत होता. अंगदने त्याला एकच प्रश्न विचारला, त्याने उत्तर दिलं, आणि अंगद स्कूटर चालू न करता काही वेळ नुसता तिच्यावर बसून राहिला.

*

दुपारी तीन वाजता चार नंबरच्या खोलीत सगळे जमले. डॉ. माधुरी दाराशी उभ्या राहिल्या. गहिनीनाथ पायथ्याशी, आरती खिडकीपाशी. सृष्टी नेहमीच्या जागी, उशाशी होती.

“ज्ञानेश्वरीताई खरं बोलत होत्या,” अंगदने सुरुवात केली. “त्यांनी लेन्सला पाणी लावलं नाही. त्यांनी बाटलीतून लेन्सवर जे ओतलं तेच पाणी होतं. ऑगस्टमध्ये कुणीतरी बाटलीतलं सोल्युशन ओतून टाकलं आणि तुमच्या खोलीतलं बोअरचं पाणी भरलं. म्हणून फेस येणं बंद झालं.”

“पन बाटलीत तर काय सापडलं नव्हतं,” गहिनीनाथ म्हणाले.

“कारण ही ती बाटली नाही, काका. हिच्यावर दहा जूनला उघडल्याची तारीख आहे. आणि ही बनलीय जुलै महिन्यात. जुलैत बनलेली बाटली जूनमध्ये कशी उघडेल?”

अंगदने बाटली उलटी करून बुडाशी छापलेला महिना त्यांना दाखवला.

“डॉक्टरांनी बाटली मागितली तेव्हा कुणीतरी घाबरलं. पाण्याची बाटली नाहीशी केली, नवी आणली, निम्मी ओतून दिली आणि ताईंसारखी तारीख टाकली. बुडाशी काय छापलंय ते बघायचं राहून गेलं. हे सोमवार सोळा आणि मंगळवार सतरा सप्टेंबरच्या मध्ये घडलं. आरतीताई पाच तारखेपासून पाथर्डीत होत्या. बाटली बदलणं त्यांना शक्य नव्हतं.”

आरतीने डोळे मिटून घेतले.

“दुसरी गोष्ट. पहिल्या दवाखान्याच्या कागदावर लिहिलंय, लेन्स वापरत नाही. ते वाचून त्या डॉक्टरांनी दुसऱ्या आजाराचे थेंब दिले. त्या थेंबांमुळे या जिवाला आणखी मोकळं रान मिळालं. ताई म्हणतात, मला कुणी विचारलं नाही. दवाखाना म्हणतो, दोनदा विचारलं. दोघंही खरं सांगतायत. प्रश्न काउंटरवर सोबतच्या मुलीला विचारला होता. लेन्सचं नाव निघालं असतं तर डबी आणि बाटली त्याच दिवशी तपासली गेली असती. म्हणून तिने ‘नाही’ सांगितलं.”

ज्ञानेश्वरीने हळूहळू कूस बदलली. झाकलेल्या डोळ्यासह तिने तोंड बहिणीच्या दिशेला वळवलं.

“सोळा तारखेला संध्याकाळी सचिनच्या दुकानातून बाटली कुणी नेली, ते त्याने मला सांगितलं,” अंगद म्हणाला. “सृष्टी, पुढचं तू सांगतेस?”

सृष्टीच्या हातातल्या मोबाईलचा गजर वाजला. थेंबांची वेळ झाली होती. तिने सवयीने बाटलीकडे हात नेला. डॉ. माधुरी पुढे आल्या आणि ती छोटी बाटली त्यांनी आपल्या हातात घेतली.

मग सृष्टी बोलायला लागली. आवाज अगदी खाली होता. बाबांनी सांगितलं त्या दिवसापासून तिला झोप नव्हती. ताई गेली की कॉलेज सुटणार, पुणतांब्याला जायचं, मग लग्न. ताई काही महिने थांबली तर वर्ष पुरं होईल, एवढंच तिला हवं होतं. दोन वर्षांपूर्वी पाण्याने ताईचे डोळे आठवडाभर लाल झाले होते, ते तिच्या लक्षात होतं. डोळे आले की वैद्यकीय दाखला मिळेल, मुदतवाढ होईल. नाहीतर जागा आरतीला जाईल आणि ताई नगरलाच राहील. दोन्हीकडून तिचं काम होत होतं. जागाच गेली तर ताई वर्षभर हलणार नाही, म्हणून अर्ज पाठवला नाही. आरतीचं नाव घेताना तिला वाईट वाटलं होतं, पण घेतलं.

“मला वाटलं आठ-दहा दिवस जातील,” ती म्हणाली. “इतकं होईल हे माहीत नव्हतं. आणि नंतर सांगायची हिंमतच झाली नाही. मी एक थेंब चुकवला नाही ताई. एकसुद्धा.”

गहिनीनाथ भिंतीला टेकले.

ज्ञानेश्वरी म्हणाली, “मी रात्री भिंतीवर डोकं आपटायचे. तू माझं डोकं मांडीवर घ्यायचीस. तेव्हा हे पाण्यामुळे झालंय, हे तुला माहीत होतं?”

“हो.”

“पहिल्या डॉक्टरांचे थेंब घालून डोळा आणखी बिघडतोय, हे दिसत होतं?”

“हो.”

“हिला बाहेर न्या,” ज्ञानेश्वरी म्हणाली. तिने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. तिच्या खांद्यांवरून ती रडतेय हे दिसत होतं. डॉक्टर तिच्याशेजारी बसून राहिल्या, कारण त्या डोळ्याला रडणंही झेपण्यासारखं नव्हतं.

*

रविवारी सकाळी ऑपरेशन झालं. पावणेदोन तास लागले. डॉ. माधुरींनी सडलेल्या कॉर्नियाची गोल चकती कापून काढली, दात्याच्या कॉर्नियाची तेवढीच चकती तिथे बसवली आणि केसाहून बारीक दोऱ्याचे सोळा टाके घातले. काढलेला भाग सुटताना जवळजवळ फाटलाच होता. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर डोळा हातचा गेला असता. जंतू उरला असेल तर तो नव्यातही शिरू शकतो, महिनोन्‌महिने औषधं चालतील, असं त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं होतं. तिसऱ्या दिवशी पट्टी काढली तेव्हा ज्ञानेश्वरीला त्या डोळ्याने समोर धरलेली बोटं मोजता आली. तीन, मग दोन. धुक्यातून दिसावीत तशी.

अर्ज आरतीने शनिवारी रात्रीच पाठवला होता. मंगळवारी मुदतवाढीचं पत्र आलं, तीन महिन्यांचं. ते तिनेच वाचून दाखवलं आणि थेंबांचं वेळापत्रक भिंतीवर चिकटवून ती उशाशी बसली.

प्रकरण पोलिसांत कळवणं हॉस्पिटलला भाग होतं. बुधवारी हवालदार जबाब घ्यायला येणार, हे कळल्यावर गहिनीनाथ आत आले. सृष्टीला त्यांनी पुणतांब्याला नेऊन सोडलं होतं. तिचं कॉलेज बंद झालं होतं. ते पलंगाजवळ खाली फरशीवर बसले, लेकीपुढे हात जोडून.

“जबाब देऊ नगंस,” ते म्हणाले. “बाटलीत पानी चुकून गेलं म्हन. डोळा वाचला ना तुझा? तिचं सारं आयुष्य जाईल. ती लहान हाय गं.”

“ती मला म्हणाली असती तर मी स्वतःच तिचं कॉलेज पुरं होईपर्यंत तुमच्याशी भांडले असते, बाबा,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मी तिला शहरात आणली. तुम्ही नको म्हणत होतात, तेव्हाही भांडलेच होते ना?”

ते मान खाली घालून बसून राहिले. हवालदार आले तेव्हाही उठले नाहीत. अंगदने त्यांना हात देऊन खुर्चीवर बसवलं.

ज्ञानेश्वरीने जबाब सलग दिला. तारखा बरोबर सांगितल्या. आरतीचा यात काही संबंध नाही, हे आधी लिहून घ्यायला लावलं. सृष्टीने मुदतवाढीचा अर्ज दडवून ठेवल्याचं सांगितलं, थेंब वेळेवर घातल्याचंही सांगितलं. मधे एकदाच थांबली, पाणी प्यायली.

हवालदारांनी पान उलटलं. “जिच्यावर आरोप करताय, तिचं तुमच्याशी नातं?”

वडील तिच्याकडे बघत होते. चष्म्याशिवाय तिला ते नीट दिसत नव्हते.

“सख्खी बहीण,” ती म्हणाली. आणि हवालदारांचं पेन थांबलेलं ऐकून पुढे म्हणाली, “लिहा.”